विषाणू गप्प का बसतो?

यूजीन आणि एलिझाबेथ वोलमन यांना पडलेला प्रश्न साधा होता. मातीत आढळणारा ‘बॅसिलस मेगाटेरियम’ नावाचा एक जीवाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी वाढवला होता. जीवाणू धडधाकट होता, पिढ्यान्पिढ्या वाढत होता. पण ज्या पातळ खाद्यात तो वाढायचा त्याचा थेंब त्याच जातीच्या दुसऱ्या वाणावर टाकला की तो दुसरा वाण विरघळून जायचा. म्हणजे त्या द्रवात जीवाणूंना मारणारा विषाणू होता. तो येत होता कुठून? पहिल्या वाणात तो दडून बसला असेल, तर त्या वाणाला काहीच का होत नव्हतं?

जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरियोफेज’ किंवा नुसतं ‘फेज’ म्हणतात. लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना १९१५ मध्ये आणि पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांना १९१७ मध्ये ते स्वतंत्रपणे दिसले होते. देरेल यांचा या फेजवर इतका विश्वास होता की हे फेज घेऊन ते १९२७ मध्ये भारतात आले आणि पंजाबात पटकीच्या रोग्यांवर त्यांनी प्रयोग केले. फेज हा बाहेरून येणारा परजीवी आहे, आला की मारतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एखादा वाण पिढ्यान्पिढ्या फेज बाळगतो असं कुणी म्हटलं, तर ते म्हणायचे की तुमच्या बाटलीत बाहेरून फेज शिरलेला आहे. ब्रुसेल्सचे नोबेल विजेते ज्यूल बोर्दे यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. फेज हा विषाणूच नाही. जीवाणूच स्वतःला विरघळवणारा पदार्थ तयार करतो आणि तो गुण पुढच्या पिढीला देतो. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला, आणि त्यात चिडचिडही भरपूर होती.

वोलमन दाम्पत्य या दोघांच्या मधून वाट काढत होतं. दोघंही मूळचे रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कचे, ज्यू. यूजीन पाश्चर संस्थेत आले ते इल्या मेचनिकॉफ यांच्याकडे. (प्लेगच्या लशीसाठी मुंबईत येऊन राहिलेले आणि परळच्या संस्थेला ज्यांचं नाव मिळालं ते वाल्डेमार हाफकिनही याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी.) वोलमन यांची कल्पना अशी की फेजला दोन रूपं असावीत. पेशीच्या बाहेर तो संसर्ग करणारा विषाणू, आणि पेशीच्या आत तो आनुवंशिक द्रव्यासारखा, पिढीमागून पिढी वाटला जाणारा. एका रूपातून दुसऱ्या रूपात तो जाऊ-येऊ शकतो. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी लायसोझाइम या विकराने त्या बाळगणाऱ्या जीवाणूंची भिंत फोडली आणि आतला ऐवज तपासला. आत संसर्ग करू शकणारा एकही फेज सापडला नाही. ऑस्ट्रेलियात मॅकफर्लेन बर्नेट यांनाही १९२९ मध्ये असाच अनुभव आला होता. पेशी फोडल्यावर फेज मिळत नाही, पण ती आपणहून फुटली तर मिळतो. म्हणजे आत जे आहे ते तयार विषाणू नाहीत, विषाणू बनवण्याची क्षमता आहे.

त्या काळात जनुक डीएनएचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. जीवाणूंना जनुकं असतात की नाही यावरही एकमत नव्हतं. अशा वेळी विषाणू आणि जनुक एकाच वस्तूची दोन रूपं असू शकतात असं म्हणायला धारिष्ट्य लागतं. माझ्या मते जनुक-नियंत्रणाच्या इतिहासाची सुरुवात इथून करायला हवी. पाठ्यपुस्तकं ती लॅक्टोजवरच्या, म्हणजे दुधातल्या साखरेवरच्या, प्रयोगांपासून करतात, आणि वोलमन हे नाव त्यात क्वचितच येतं.

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. ज्यूंवर बंधनं आली, धरपकडी सुरू झाल्या. वोलमन दाम्पत्य पॅरिसमध्येच राहिलं आणि काम करत राहिलं. डिसेंबर १९४३ मध्ये दोघांनाही अटक झाली. त्यांना आउश्वित्झला पाठवण्यात आलं. ते परत आले नाहीत. लढाई संपल्यावर त्यांचा मुलगा एली वोलमन पाश्चर संस्थेत संशोधक म्हणून रुजू झाला, आणि जो प्रश्न आईवडिलांच्या हातून सुटायचा राहिला होता त्याच प्रश्नाजवळ काही वर्षांत येऊन पोचला.

युद्धानंतर फेजच्या अभ्यासाची सूत्रं अमेरिकेत गेली होती. भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्रात आलेले मॅक्स डेलब्रुक कॅलिफोर्नियात बसून या सगळ्या क्षेत्राला शिस्त लावत होते. त्यांनी सगळ्यांना सात ठरावीक फेज दिले, टी-१ ते टी-७, आणि सांगितलं की यांच्यावरच काम करा, म्हणजे एकमेकांचे निकाल ताडून बघता येतील. शिस्त चांगली होती, पण त्या सातांपैकी एकही फेज गप्प बसणारा नव्हता. शिरायचा, वीस-पंचवीस मिनिटांत पेशी फोडून बाहेर पडायचा. साहजिकच फेज बाळगून सुखाने जगणारे जीवाणू असतात यावर डेलब्रुक यांचा विश्वास नव्हता. डेलब्रुक यांना न पटलेली गोष्ट त्या काळी त्या क्षेत्रात जवळजवळ नसल्यातच जमा व्हायची.

आंद्रे ल्वॉफ यांना ते मान्य नव्हतं. पाश्चर संस्थेच्या माळ्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे उन्हाळ्यात उकडायचं आणि जागा नेहमीच कमी पडायची. सूक्ष्मजीवांच्या पोषणावर काम करून त्यांनी नाव कमावलेलं होतं. युद्धात ते प्रतिकार चळवळीत होते आणि पाडलेल्या विमानांतून वाचलेल्या अमेरिकी वैमानिकांना त्यांनी आपल्या घरात लपवलं होतं. वोलमन यांचं काम त्यांनी जवळून पाहिलेलं होतं, म्हणून १९४९ मध्ये त्यांनी तोच मेगाटेरियम जीवाणू हाती घेतला. त्यांनी ठरवलं की लाखो-कोटी जीवाणूंच्या गढूळ बाटलीवर वाद घालण्यात अर्थ नाही. एकच जीवाणू घ्यायचा आणि त्याच्यावर नजर ठेवायची.

अँतोआनेत गुटमन यांच्या मदतीने त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एका इवल्याशा थेंबात एक जीवाणू ठेवला. तो दुभंगला की अगदी बारीक काचनळीने एक लेक काढून घ्यायची, तिची आणि थेंबातल्या द्रवाची तपासणी करायची, दुसरी पुढे वाढू द्यायची. पुन्हा दुभंगली की पुन्हा तेच. असं एकोणीस पिढ्या चाललं. द्रवात फेज दिसला नाही, आणि तरीही शेवटच्या पिढीतल्या जीवाणूंची फेज निर्माण करायची क्षमता शाबूत होती. बाहेरून पुन्हा पुन्हा संसर्ग होतो ही शंका इथे मिटली, कारण बाहेर फेज नव्हताच. मग कधीतरी डोळ्यांदेखत एखादा जीवाणू अचानक नाहीसा व्हायचा आणि त्या थेंबात एकदम पुष्कळ फेज सापडायचे. म्हणजे फेज एकेक करून पाझरत नाहीत. एखादी पेशी फुटते आणि सगळे एकदम बाहेर येतात. आतल्या त्या सुप्त रूपाला ल्वॉफ यांनी ‘प्रोफेज’ असं नाव दिलं.

आता प्रश्न उरला की एखादीच पेशी का फुटते, आणि आपल्याला हवी तेव्हा ती फुटेल का. लुई सिमिनोविच आणि नील्स केल्डगार्ड यांच्यासह ल्वॉफ यांनी खाद्य बदललं, तापमान बदललं, नाना तऱ्हा करून पाहिल्या. काही होईना. शेवटी १९५० मध्ये त्यांनी संवर्धनावर अतिनील किरण टाकले. पाऊण तास जीवाणू नेहमीसारखे वाढत राहिले. त्यानंतर गढूळ द्रव हळूहळू नितळ होऊ लागला. गढूळपणाची मोजदाद ठेवणारी सहायिका आकडे सांगत होती आणि ते आकडे घसरत चालले होते. जवळजवळ सगळ्या पेशी फुटल्या आणि फेज बाहेर पडले. पाच-सात पिढ्या नव्हे, अनिश्चित काळ निपचित पडलेला विषाणू काही सेकंदांच्या किरणांनी जागा झाला होता.

याच वर्षी फ्रान्स्वा जाकोब ल्वॉफ यांच्याकडे आले. नान्सीत १९२० मध्ये जन्मलेले जाकोब वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि त्यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा ते बोटीने इंग्लंडला निसटले, द गोल यांच्या फौजेत दाखल झाले, आफ्रिकेच्या वाळवंटात लढले. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत बॉम्बच्या तुकड्यांनी त्यांचं शरीर इतकं जखमी झालं की हात शस्त्रक्रियेच्या कामाचे उरले नाहीत. तिशीच्या उंबरठ्यावर, जीवशास्त्राचं फारसं शिक्षण नसताना, त्यांनी संशोधक व्हायचं ठरवलं आणि ल्वॉफ यांचं दार ठोठावलं. ल्वॉफ यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. ते पुन्हा आले, पुन्हा नकार मिळाला. जून १९५० मध्ये ते परत गेले तेव्हा ल्वॉफ आनंदात होते. प्रोफेजला जागं करता येतं हे आम्हाला सापडलंय, असं त्यांनी जाकोब यांना सांगितलं. जाकोब यांना त्यातलं काहीही कळलं नव्हतं, पण चेहऱ्यावर त्यांनी मोठं कौतुक आणलं. फेजवर काम करणार का, असं ल्वॉफ यांनी विचारलं आणि हेच तर मला करायचंय असं जाकोब म्हणाले. बाहेर पडल्यावर त्यांनी शब्दकोशात ‘प्रोफेज’ शोधला. तो तिथे नव्हता. आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे सगळं मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

माळ्यावरच्या लांब बोळाच्या एका टोकाला ल्वॉफ यांची मंडळी आणि दुसऱ्या टोकाला जाक मोनो यांची. मोनो यांचा विषय पूर्ण वेगळा, म्हणजे निदान तसं दोघांनाही वाटत होतं. आतड्यात राहणारा ‘इ. कोलाय’ जीवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, समोर आली तरच ती पचवणारं विकर बनवतो. एरवी बनवत नाही. हे कसं घडतं ते मोनो युद्धाच्या काळापासून शोधत होते. बोळाच्या दोन्ही टोकांची माणसं दुपारी एकत्र जेवायची, एकमेकांच्या प्रयोगांवर तुटून पडायची आणि आपापल्या टोकाला परतायची. आठ वर्षं हे चाललं.

या काळात अमेरिकेतून एक अतिशय उपयोगी विषाणू आला. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात एस्थर लेडरबर्ग इ. कोलायच्या ‘के-१२’ वाणावर काम करत होत्या. हा वाण १९२२ मध्ये स्टॅनफर्डला एका रोग्याच्या विष्ठेतून वेगळा काढलेला आणि तेव्हापासून प्रयोगशाळांतून वाढवला जात असलेला. एस्थर यांना काही वसाहती कडेने कुरतडल्यासारख्या दिसल्या. त्यांनी तो धागा सोडला नाही आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं की के-१२ वाणात पहिल्यापासून एक फेज दडलेला आहे. त्याला त्यांनी ग्रीक अक्षरावरून ‘लॅम्डा’ म्हटलं. जवळपास तीस वर्षं लोकांनी हा वाण हाताळला होता आणि आत विषाणू आहे याचा कुणाला संशयही आला नव्हता. रेण्वीय जीवशास्त्रात ज्या विषाणूवर सर्वात जास्त काम झालं त्यांतला एक एका स्त्रीच्या बारीक नजरेमुळे हाती लागला, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण एस्थर यांना त्या मानाने पदं आणि मान फार कमी मिळाले.

जाकोब आणि एली वोलमन यांनी लॅम्डा हाती घेतला. इ. कोलायमध्ये नर आणि मादी असे दोन प्रकार असतात. नर आपलं गुणसूत्र एका टोकापासून सुरुवात करून मादीत हळूहळू सोडतो. पूर्ण गुणसूत्र जायला सुमारे शंभर मिनिटं लागतात. या दोघांनी जोड्या जमल्यावर ठरावीक मिनिटांनी त्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये घुसळून तोडल्या. किती मिनिटांत कोणतं जनुक मादीत पोचलं ते पाहिलं, आणि जनुकांचा नकाशा चक्क मिनिटांत मांडता आला. त्या नकाशात प्रोफेजलाही ठरलेली जागा होती, गॅलॅक्टोजच्या जनुकाशेजारी. यूजीन आणि एलिझाबेथ यांनी ज्याची अटकळ बांधली होती त्याचा पुरावा त्यांच्या मुलाच्या टेबलावर तयार झाला: सुप्त विषाणू हा खरोखरच जीवाणूच्या गुणसूत्राचा भाग होऊन बसतो.

पण या प्रयोगांतली मोलाची गोष्ट वेगळीच होती. १९५४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की लॅम्डा बाळगणाऱ्या नराचं गुणसूत्र लॅम्डा नसलेल्या मादीत शिरलं की प्रोफेज ताबडतोब जागा होतो आणि मादीला फोडतो. उलट, मादीच लॅम्डा बाळगणारी असेल तर काहीच होत नाही. दोन्ही वेळा गुणसूत्र तेच, विषाणू तोच. फरक फक्त मादीच्या पेशीद्रवाचा. म्हणजे लॅम्डा बाळगणाऱ्या पेशीच्या द्रवात असं काहीतरी तरंगत असलं पाहिजे की जे विषाणूला सतत दाबून ठेवतं. ते नसलेल्या पेशीत विषाणू आला की तो मोकळा होतो. लॅम्डा बाळगणाऱ्या पेशीवर बाहेरून आणखी लॅम्डा आले तरी ते तिला का मारू शकत नाहीत याचाही उलगडा झाला. नवागतालाही तेच द्रव्य दाबून टाकतं. विषाणूचं गप्प बसणं ही नुसती निष्क्रियता नाही. दार मिटलेलं दिसतं ते कडी घातली आहे म्हणून नव्हे, कुणीतरी आतून पाठ टेकून उभं आहे म्हणून.

डेल कायझर यांनी १९५७ मध्ये लॅम्डाचे असे उत्परिवर्ती प्रकार शोधले की ज्यांना गप्प बसताच येत नव्हतं. त्यांतल्या एका जनुकाला ‘सी-एक’ म्हटलं गेलं. हे जनुक बिघडलं की लॅम्डा फक्त मारतो. आतून पाठ टेकून उभं राहणारं द्रव्य या जनुकाचं होतं.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला, १९५७ च्या अखेरीस, बर्कलीहून आलेले आर्थर पार्डी जाकोब आणि मोनो यांच्यासह अशाच एका जोडीवर काम करत होते. लॅक्टोजचं विकर बनवण्याचं जनुक आणि त्याच्यावर ताबा ठेवणारं जनुक अशी दोन्ही शाबूत जनुकं त्यांनी नराकडून अशा मादीत पाठवली, जिच्यात दोन्ही बिघडलेली होती. जनुकं आत पोचताच काही मिनिटांत विकर बनू लागलं, लॅक्टोज नसतानाही. पण तास-दीड तासाने ते बनणं बंद पडलं. तोवर मोनो समजत होते की साखर येऊन विकराचं काम सुरू करते. इथे दिसत होतं ते असं: काम सुरूच असतं, ताबा ठेवणाऱ्या जनुकातून बनलेला पदार्थ ते बंद पाडतो, आणि साखर त्या पदार्थाला बाजूला सारते. दोन नकार मिळून एक होकार. हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनीही मोनो यांना हाच विचार बोलून दाखवला होता. मोनो यांना तो पटायला वेळ लागला, कारण आपली जुनी मांडणी त्यांना सोडावी लागणार होती.

जुलै १९५८ च्या अखेरीस जाकोब न्यूयॉर्कच्या एका व्याख्यानाची तयारी करत होते. काही केल्या मजकूर जुळेना. पत्नी लीझ यांच्यासोबत ते चित्रपटाला गेले. पडद्यावर काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आणि तिथे त्या अंधारात त्यांना एकदम दिसलं की बोळाच्या दोन्ही टोकांना एकच प्रयोग चालला आहे. मादीत शिरलेला लॅम्डा आणि मादीत शिरलेलं लॅक्टोजचं जनुक, दोघांचं वागणं हुबेहूब सारखं. दोन्हीकडे एक नियामक जनुक आहे, ते दाबणारा पदार्थ बनवतं, आणि तो पदार्थ एकाच ठिकाणी काम करून अनेक जनुकांना एकदम बंद ठेवतो. विषाणूची पन्नास-एक जनुकं सामूहिकपणे गप्प राहतात, तर तो पदार्थ एकेका प्रथिनापाशी जाऊन काम करत असणार नाही. तो थेट डीएनएवर बसत असला पाहिजे. ही शेवटची पायरी विषाणूमुळे सुचली. नुसत्या लॅक्टोजवरून ती सुचणं अवघड होतं, कारण तिथे जनुकं दोन-तीनच होती आणि दुसरे खुलासे शक्य होते. जाकोब चित्रपट अर्धवट सोडून बाहेर पडले. मोनो सुट्टीवर होते. परत आल्यावर त्यांनी आधी मान हलवली, हुज्जत घातली, आणि मग दोघं मिळून कामाला लागले.

१९६१ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त त्यांचा प्रदीर्घ निबंध आला. नियामक जनुक, रिप्रेसर म्हणजे दमनकारक, डीएनएवरची त्याची बैठक म्हणजे ऑपरेटर, आणि त्या बैठकीच्या ताब्यातल्या जनुकांचा गट म्हणजे ऑपेरॉन. संदेशवाहक आरएनएची संकल्पनाही यातच होती. पेशीतल्या प्रत्येक जनुकाला बाहेरच्या जगाप्रमाणे चालू-बंद करता येतं, आणि ते करणारी यंत्रणासुद्धा जनुकांनीच लिहिलेली असते, हे प्रथमच नीट मांडलं गेलं. एकाच गर्भपेशीपासून यकृत आणि मेंदू कसे घडतात या प्रश्नाला हात घालायची भाषा इथून मिळाली.

१९६५ चं वैद्यकाचं नोबेल ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना मिळालं. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही आणि एली वोलमन त्यात नव्हते. जाकोब यांच्यासोबत जीवाणूंच्या जनुकशास्त्रावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, नंतर ते पाश्चर संस्थेचे उपसंचालक झाले. मिनिटांचा नकाशा, जोडीत जागा होणारा प्रोफेज, हे सगळं दोघांचं मिळून होतं. मला हे वगळणं आजही खटकतं.

एवढं होऊनही रिप्रेसर कुणी पाहिलेला नव्हता. तो प्रथिन आहे की आरएनए, हेही ठाऊक नव्हतं; जाकोब आणि मोनो यांचा कल १९६१ मध्ये आरएनएकडे होता. पेशीत लाखो प्रथिनरेणू असतात आणि त्यांत रिप्रेसरचे जेमतेम दहा-वीस किंवा शंभर-दोनशे. हार्वर्डच्या एकाच इमारतीत दोघांनी हे आव्हान घेतलं. वॉल्टर गिल्बर्ट यांनी बेनो म्युलर-हिल यांच्यासह लॅक्टोजचा रिप्रेसर धरायचं ठरवलं आणि विशीतल्या मार्क टाश्नी यांनी लॅम्डाचा.

गिल्बर्ट यांना एक आधार होता. त्यांचा रिप्रेसर साखरेसारख्या एका रेणूला चिकटतो, म्हणून किरणोत्सारी साखर कुणाला चिकटते ते पाहता येत होतं. लॅम्डाचा रिप्रेसर साखरेला चिकटत नाही. टाश्नी यांनी वेगळी युक्ती लढवली. अतिनील किरणांचा भरपूर मारा करून त्यांनी जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएचं काम जवळजवळ थांबवलं, म्हणजे पेशीतला प्रथिनांचा गोंगाट बसला. हे जीवाणू आधीच लॅम्डा बाळगणारे आणि त्याला जागा न होऊ देणारे होते. त्यांवर त्यांनी लॅम्डाचे पुष्कळ कण सोडले. आतला रिप्रेसर बाकीची सगळी विषाणू-जनुकं दाबून ठेवणार, तेव्हा मुख्यतः सी-एक जनुकाचंच प्रथिन बनणार. अशी दोन संवर्धनं घेतली: एकात शाबूत सी-एक असलेला लॅम्डा, दुसऱ्यात बिघडलेला. दोन्हींना दोन वेगवेगळ्या किरणोत्सारी खुणांची अमिनो आम्लं दिली. मग दोन्ही एकत्र करून स्तंभातून गाळले. सगळीकडे दोन्ही खुणा बरोबरीने उतरत होत्या. फक्त एका ठिकाणी एकच खूण वर आली. ते प्रथिन शाबूत सी-एकवाल्या संवर्धनात होतं आणि दुसऱ्यात नव्हतं. गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांचा निबंध १९६६ च्या अखेरीस आला, टाश्नी यांचा १९६७ च्या सुरुवातीला.

मग टाश्नी यांनी ते प्रथिन लॅम्डाच्या डीएनएत मिसळून वेगाने फिरवलं. प्रथिन डीएनएसोबत खाली गेलं. हुबेहूब लॅम्डासारखा, पण नियंत्रणाचा तुकडा मात्र वेगळा असलेला एक संकरित विषाणू त्यांच्याकडे होता. त्याच्या डीएनएसोबत ते गेलं नाही. चित्रपटगृहात सुचलेली गोष्ट परीक्षानळीत उतरली होती: रिप्रेसर प्रथिन आहे आणि ते डीएनएच्या नेमक्या जागेवर बसतं.

पुढची पंधरा-वीस वर्षं टाश्नी आणि त्यांचे सहकारी या एका जागेला सोडून हलले नाहीत. लॅम्डाचं सगळं डीएनए ४८,५०२ बेस-जोड्यांचं; जीवरसायनशास्त्रज्ञ सँगर यांच्या गटाने १९८२ मध्ये ते पूर्ण वाचलं. त्यातल्या एका छोट्या पट्टीवर तीन शेजारी-शेजारी बैठका आहेत. पट्टीच्या एका बाजूला विषाणूला जागं करणाऱ्या जनुकांची सुरुवात, दुसऱ्या बाजूला खुद्द सी-एकची. रिप्रेसर जोडीने बसतो. पहिल्या बैठकीवर बसलेली जोडी शेजारच्या बैठकीवर दुसऱ्या जोडीला ओढून घेते. तिथे बसून ते एकीकडची जनुकं बंद करतात आणि त्याच वेळी दुसरीकडे स्वतःचं जनुक चालू ठेवतात. म्हणजे रिप्रेसर आपलीच संख्या राखतो, आणि पेशी दुभंगली तरी दोन्ही लेकींमध्ये तो वाटला जाऊन ही अवस्था पुढे चालू राहते. त्याचा प्रतिस्पर्धी ‘क्रो’ हे अवघं ६६ अमिनो आम्लांचं प्रथिन. ते त्याच तीन बैठकांवर बसतं, पण उलट क्रमाने, आणि सर्वात आधी सी-एकचं काम बंद पाडतं. तीन बैठका आणि दोन प्रथिनं, एवढ्यावर ठरतं की विषाणू झोपणार की पेशी फोडणार. १९८६ मध्ये टाश्नी यांनी ‘अ जेनेटिक स्विच’ या छोट्या पुस्तकात हे सगळं लिहिलं. जीवशास्त्रातल्या एखाद्या निर्णयाची यंत्रणा इतक्या बारकाईने उलगडून दाखवणारी पुस्तकं मी फार थोडी वाचली आहेत.

आणि ल्वॉफ यांच्या अतिनील किरणांचं काय? तेही कळलं. १९७५ मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांनी दाखवलं की प्रोफेज जागा होतो तेव्हा रिप्रेसर मधोमध तुटलेला असतो. किरणांनी जीवाणूचं डीएनए दुखावतं. ‘रेक-ए’ हे जीवाणूचं प्रथिन त्या जखमेवर जाऊन कामाला लागतं, आणि त्याच्या संपर्कात आलेला रिप्रेसर १११ आणि ११२ व्या अमिनो आम्लांच्या मध्ये तुटतो. तुटलेले तुकडे जोडीने बसू शकत नाहीत. बैठका रिकाम्या होतात, क्रो बनू लागतं आणि मागे फिरणं अशक्य होतं. जॉन लिटल यांनी १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: रेक-ए रिप्रेसरला कापत नाही, तो स्वतःला कापून घेतो, रेक-ए फक्त त्याला तसं करायला लावतं. यजमान पेशी संकटात आहे ही खबर विषाणूने तिच्याच दुरुस्तीच्या यंत्रणेकडून मिळवलेली आहे.

टाश्नी नंतर यीस्टकडे वळले. तिथल्या ‘गॅल-४’ या प्रथिनावर त्यांनी आणि रॉजर ब्रेंट यांनी १९८५ मध्ये दाखवलं की डीएनएवर बसणारा भाग आणि जनुक चालू करणारा भाग वेगवेगळे असतात, आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला जोडलं तरी काम चालतं. यीस्टचं जे खरं ते पुढे माशी, उंदीर आणि माणूस यांच्या पेशींतही बऱ्याच अंशी खरं ठरलं. आणि ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं तो प्रश्न तर रुग्णालयांत रोज उभा असतो. एचआयव्हीचा विषाणू माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींच्या गुणसूत्रात आपली प्रत घालून ठेवतो. औषधं चालू असताना तो रक्तात दिसेनासा होतो, आणि बहुतेकांत औषधं थांबवली की काही आठवड्यांत परत येतो. त्याला मुद्दाम जागं करून पेशीसकट संपवायचं, की कायमचं गप्प करून टाकायचं, या दोन्ही वाटांवर जगभरच्या प्रयोगशाळांत आज काम चालू आहे.